छोट्या ख्रिस्ती मंडळीचं वातावरण सुधारायचंय? आधी बघा बोलणं कुठे होतंय

ताई, सलाम. तुमचा प्रश्न नीट दोनदा वाचला. खाडीकाठी तुमची बावीस घरांची मंडळी, रविवारी तीस-पस्तीस लोक, पाळक नवीन आलेत, तुम्ही ह्याच वर्षी कमिटीच्या सेक्रेटरी झालात. दोन घरांत कित्येक वर्षांचा अबोला आहे, तरुण मुलं नाताळ सोडून फिरकत नाहीत, मीटिंगमधे कोणी तोंड उघडत नाही आणि बाहेर आलं की सगळे बोलतात. आणि तुम्ही विचारताय की मंडळीत हेल्दी, पॉझिटिव्ह वातावरण आणायला काय करू, गाणी बदलू का, तरुणांसाठी वेगळा कार्यक्रम ठेवू का, की बाहेरून कोणी चांगला वक्ता बोलावून तीन दिवस सभा घेऊ.

मी एकतीस वर्षं पाळक होतो, आता रिटायर आहे. त्यातली बरीचशी वर्षं कोकणात गेली, वेंगुर्ल्याच्या बाजूपासून वर दापोली-मंडणगडपर्यंत, आणि मंडळ्या सगळ्या तुमच्यासारख्याच, कुठे पंधरा घरं कुठे तीस, साठ घरांची एक होती ती आम्हाला मोठी वाटायची. म्हणून शहरातल्या मोठ्या चर्चचं मला विचारू नका, पण ह्या छोट्या मंडळ्यांचं जे पाहिलंय ते मनापासून सांगतो.

तुमच्या लिहिण्यातलं मीटिंगमधे गप्प आणि बाहेर बोलणं हे जे आहे ना, माझ्या मते खरा प्रश्न तोच. गाणी, तरुण, सभा हे सगळं त्याच्या मागून येतं. उपासना संपली की आवारात चपला घालता घालता जी दहा मिनिटं बोलणं होतं, आणि मग संध्याकाळी कोणाच्या तरी पडवीत ज्या गजाली होतात, मंडळीचे निर्णय खरे तिथे होतात. मीटिंगमधे फक्त सह्या होतात. असं असलं की ज्याला पडवीत बोलावणं नाही त्याला कायम वाटत राहतं की आपल्याला कोणी विचारत नाही, आणि ते खरंच असतं. त्याच्यावर तुम्ही कितीही छान कार्यक्रम चढवलेत तरी तो कार्यक्रम सुद्धा त्या पडवीचाच होतो.

आता आधी हे सांगतो की काही गोष्टी परिस्थितीवर आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. पाळक गावात राहतात की चार मंडळ्या सांभाळत महिन्यातून दोनदा येतात, ह्याने खूप फरक पडतो. दुसरं, त्या दोन घरांचं भांडण जर चर्चच्या जमिनीवरून किंवा ट्रस्टी कोण ह्यावरून असेल तर ते प्रार्थनेने आणि गोड बोलण्याने मिटेल अशी आशा धरून वर्षं घालवू नका, ट्रस्टचे कागद काढा, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात कोणाची नावं लागलीत ते बघा, चांगला वकील गाठा. आणि तिसरं, जर कुठे मुलांशी किंवा बाईमाणसाशी गैरवागणूक झाल्याची कुजबुज असेल तर तो वातावरणाचा विषयच नाही. मूल असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, कमिटीत चर्चा करून मग ठरवू असं तिथे चालत नाही. ह्यातलं काही नसेल तरच पुढचं वाचा.

छोट्या मंडळीत एक गोष्ट मोठ्या चर्चवाल्यांना कधी कळत नाही, ती म्हणजे आपल्याकडे चर्चचं भांडण सहसा चर्चचं नसतं. सगळे एकमेकांचे सोयरे. वीस वर्षांपूर्वी लग्नाचं आमंत्रण पत्रिका पाठवून केलं, घरी येऊन केलं नाही. विहिरीवरचा पंप कोणाचा, आगराच्या गडग्यावरून चार फणसाच्या फांद्या पलीकडे गेल्या, असलं काहीतरी असतं, आणि ते उठतं कुठे तर नाताळच्या जेवणाचा हिशोब चालू असताना. एक घर रुसलं की दोन बाकं रिकामी, आणि पस्तीस माणसांत दोन बाकं म्हणजे सगळ्यांना दिसतं. म्हणून लोक घाबरतात, कोणी रुसू नये म्हणून खरं बोलत नाहीत. तुम्हाला जे वाईट वातावरण वाटतंय ते बऱ्याच अंशी ही भीती आहे, लोक मुळात वाईट नाहीत.

ह्याला जुनं कारणही आहे असं मला वाटतं. आपल्या किनाऱ्यावर मिशनचं काम खूप आधीपासून, स्कॉटिश मिशनरी १८२३ मधे बाणकोटला आले, मग हर्णैला, नंतर खाली रत्नागिरी-वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, त्याचं ऋण आहेच. पण निर्णय साहेब घेणार, पैसा साहेब देणार, तक्रार साहेबाकडे न्यायची, ही सवय पिढ्यान् पिढ्या लागली. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, त्यांना ही सवय इतकी बोचली की १९१७ मधे त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार ही मिशनपासून स्वतंत्र चळवळ सुरू केली. साहेब गेले, १९७० मधे वेगवेगळी चर्चं एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) झाली, पण गावागावात साहेबाची ती खुर्ची काही रिकामी राहिली नाही, कुठल्या तरी एका घराने घेतली. त्या घरातली माणसं दुष्ट असतात असं अजिबात नाही, उलट चर्चची किल्ली, घंटा, शाकारणी, पाहुण्या पाळकांचं जेवण हे सगळं त्यांनीच वर्षानुवर्षं निभावलेलं असतं. म्हणून त्यांना बाजूला करायचा विचार मनात आणू नका. त्यांच्या खांद्यावरचं ओझं वाटून घ्यायचंय, आणि सुरवात त्यांचे आभार मानूनच करायची, तेही मोघम नाही तर नेमकं, की मागच्या पावसाळ्याआधी तुम्ही कौलं परतून घेतलीत, दोन दिवस उन्हात वर चढलात, म्हणून जुलैत आम्ही कोरडे बसलो.

आता मी काय करत आलो ते. सगळ्यात आधी पैसा. लोक म्हणतात पैशाचं काय, बावीस घरांची वर्गणी ती किती. पण संशय रकमेवर नसतो, झाकपाकीवर असतो. एका मंडळीत मी गेलो तेव्हा दानार्पणाची थैली उपासनेनंतर खजिनदारांच्या घरी जायची, ते मोजायचे, वहीत लिहायचे, माणूस शंभर टक्के प्रामाणिक, तरी पाठीमागे बोलणं होतंच. मी त्यांना एकटं गाठून सांगितलं की काका, तुमच्या इज्जतीसाठी म्हणून सांगतो, मोजणी इथेच करू. त्यांना राग आला, तीन रविवार आले नाहीत. मग आले. तेव्हापासून शेवटचा आशीर्वाद झाला की पुढच्याच टेबलावर दोन वेगवेगळ्या घरांची दोन माणसं बसायची, नोटा लावायच्या, चिल्लर मोजायची, रजिस्टरात आकडा, दोघांच्या सह्या, आणि मागच्या भिंतीवर एक काळा फळा लावला त्यावर खडूने, आजचं दान इतकं, महिन्याचं लाइट बिल इतकं, पाळकनिधीला इतकं, शिल्लक इतकी. एक आजी होत्या, मासे विकायच्या, लुगड्याच्या टोकाला गाठ मारून दहा-वीसच्या नोटा आणायच्या, त्यांना वाचता येत नव्हतं, त्या दर रविवारी नातवाला त्या फळ्यासमोर उभा करायच्या आणि सगळे आकडे मोठ्याने वाचून घ्यायच्या. नातू वाचेपर्यंत बाकीचेही थांबायला लागले. कोणी विचारायचं लाइट बिल जास्त का आलं, खजिनदार काका तिथेच उत्तर द्यायचे. जे पडवीत व्हायचं ते फळ्यासमोर व्हायला लागलं, एवढंच झालं, पण सहा महिन्यांत त्या काकांबद्दल वाकडं बोलणं मी ऐकलं नाही. बायबलमधल्या पौलाने सुद्धा यरुशलेमसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याने नेली नाही, मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, कोणी दोष ठेवू नये म्हणून, करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे ते. पौलाला गरज वाटली तर आपल्याला का नको. (ट्रस्टचं वर्षाचं ऑडिट, आणि ट्रस्टी बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज, हे तर कायद्यानेच आहे, ते राहिलं असेल तर आधी करा.)

मग मीटिंग. तुमच्या हातात सेक्रेटरीपद आहे, तेव्हा हे तुम्हाला ह्याच महिन्यात करता येईल. विषयपत्रिका आठ दिवस आधी सगळ्या घरांत जाऊ दे, फक्त कमिटीच्या नाही. तीन-चारच विषय ठेवा. आणि प्रत्येक विषयावर गोल फिरून प्रत्येकाला विचारा, सगळ्यात कमी वयाच्या माणसापासून सुरवात करून, मोठ्यांनी शेवटी बोलायचं. हे मी फार उशिरा शिकलो. आपल्याकडे एकदा काका बोलले की त्यांच्यासमोर उलट कोण बोलणार, म्हणून बाकीचे मान डोलावतात आणि घरी जाऊन नाराज होतात. खालून सुरवात केली की काकांनाही कळतं लोकांच्या मनात काय आहे, आणि त्यांचा मानही राहतो कारण शेवटचा शब्द त्यांचा. ठरलं ते त्याच बैठकीत लिहून वाचून दाखवायचं, आणि कोण करणार, कधीपर्यंत, ते नावासकट. मीटिंगनंतर कोणी आवारात येऊन तुम्हाला म्हणालं की तो निर्णय चुकला हो, तर न चिडता इतकंच म्हणा, बरं, पुढच्या मीटिंगला हा विषय तुमच्या नावाने घालू का. निम्मे लोक नको म्हणतील. जे हो म्हणतील त्यांचा विषय खरोखर घाला.

वैयक्तिक भांडणाला बायबलमधे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली पद्धत आहे, आधी एकट्याने त्याच्याकडे जा, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीपुढे. उपदेशात सगळे ऐकतात, करत कोणी नाही, आणि त्यात मीही आलो. माझ्याकडे कोणी कोणाची तक्रार घेऊन आलं की मी ऐकून घ्यायचो, दुसऱ्याकडे जाऊन समजावायचो, मग परत पहिल्याकडे. मला वाटायचं मी समेट करतोय. प्रत्यक्षात मी निरोप्या झालो होतो, आणि दोघेही माझ्यावर नाराज. नंतर नियम केला, तक्रार ऐकेन पण पहिला प्रश्न हाच विचारेन की तुम्ही त्यांच्याशी बोललात का, नसाल तर चला, मी बरोबर येतो, आत्ता. पाच वेळा म्हटलं की एकदा खरंच लोक यायचे. एकदा ऐन श्रावणात असाच एका भावाला घेऊन साकवावरून पलीकडच्या वाडीत गेलो, दुसऱ्या भावाच्या अंगणात दोघं छत्र्या घेऊन उभे, कोणी कोणाला आत या म्हणेना. शेवटी वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, चहा टाकलाय. त्या दिवशी काही मिटलं नाही, जमिनीचा वाद अजूनही आहे. पण त्यानंतर रविवारी एकमेकांना सलाम करायला लागले, आणि मंडळीतल्या बाकीच्यांना बाजू घ्यायची गरज उरली नाही. ताई, तुमच्या त्या दोन घरांकडूनही ह्यापेक्षा जास्त अपेक्षा पहिल्या वर्षात ठेवू नका.

पाळकांबद्दल. नवीन आहेत तर त्यांना एक विनंती करा, भेटींची डायरी ठेवा म्हणावं. मी दहा-बारा वर्षं सेवा झाल्यावर सहज एकदा तीन महिन्यांच्या भेटी मोजल्या, एक्केचाळीस भेटी, आणि त्यातल्या एकोणीस त्याच चार घरांत, जिथे रस्त्याला लागून घर आहे आणि चहा चांगला मिळतो. घाटीवरच्या तीन घरांत एकदाही नाही. माझ्या मनात भेदभाव नव्हता पण लोकांना भेटी दिसतात, मन दिसत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या लोकांची जी तक्रार होती ती हीच, रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, आणि प्रेषितांनी त्यांना कुरकुर करू नका असं सांगितलं नाही, सात माणसं नेमली आणि काम सोपवलं. मला तो अध्याय फार आवडतो कारण तक्रारीला त्यांनी पाप म्हटलं नाही.

हेच मुंबईकरांच्या बाबतीत. चाकरमानी मे महिन्यात आणि नाताळला येतात, प्रेमाने येतात, पैसेही देतात, त्यांच्याशिवाय आपल्या कित्येक चर्चची छपरं उभी राहिली नसती, निसर्ग वादळानंतर २०२० मधे तर त्यांनीच धावून मदत केली. पण उपकारस्तुतीच्या सणाला लोकांनी घरून दान म्हणून आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो तेव्हा काय होतं बघा. एका वर्षी एक नारळ दोन हजाराला गेला, टाळ्या पडल्या, आणि त्याच टेबलावर एका बाईने आणलेली सुकटाची पिशवी कोणी उचलली नाही, शेवटी कोणीतरी दहा रुपये म्हणालं. ती बाई मागच्या बाकावर बसली होती. तिचा चेहरा मी विसरलेलो नाही. पुढच्या वर्षी आम्ही कोणी काय आणलं ते पुकारणं बंद केलं, सगळ्या वस्तू मिसळून सारख्या टोपल्या भरल्या, एका टोपलीत नारळ, सुकट, काकडी, तांदूळ सगळं, आणि लिलाव टोपलीचा. पैसे थोडे कमी आले. ते चालतं.

तरुणांचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं कारण ते खरं तर सोपं आहे. जी मुलं गावात उरलीत त्यांना कार्यक्रम नकोत, त्यांना काम द्या ज्याच्यात त्यांचा निर्णय असेल. फळ्याचा हिशोब, साउंड, म्हाताऱ्या माणसांना गाडीवरून उपासनेला आणणं, मोबाईलवर उपासना मुंबईकरांना दाखवणं. काम चुकलं तर उपासनेत सगळ्यांसमोर बोलू नका. नाताळच्या करंज्या आणि भोजन दर वर्षी त्याच तीन बायका करत असतील तर तिथेही पाळी लावा, आणि पाळीत पुरुषांची नावं घाला, कांदा चिरायला कोणाला शिकवावं लागत नाही. व्हॉट्सअप ग्रुपवर एकच नियम, सूचना, प्रार्थना-विनंत्या, जन्म-मृत्यू, बाकी काही नाही, वाद सुरू झाला की अ‍ॅडमिनने एवढंच लिहायचं की हे समोरासमोर बोलू. आणि गाणी बदलायची असतील तर बदला, टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणा नाहीतर गिटार आणा, त्याने कोणी येत नाही आणि कोणी जात नाही असा माझा अनुभव आहे.

पॉझिटिव्ह ह्या शब्दाची मला थोडी काळजी वाटते म्हणून सांगतो. काही मंडळ्यांत त्याचा अर्थ असा घेतात की दुःख, तक्रार, शंका काही बोलायचं नाही, सगळं छान आहे म्हणायचं. तसं करू नका. ज्या घरात मुलगा पितोय त्या आईला प्रार्थनेत ते नाव न घेता तरी सांगता आलं पाहिजे. आणि ऐकलेलं बाहेर जाणार नाही ही खात्री तिला पाहिजे, एकदा जरी ते आवारात पोचलं तर ती परत कधी बोलणार नाही.

मंडळी सुधारतेय की नाही हे मी रविवारच्या हजेरीवरून कधी बघितलं नाही, दफनभूमीत बघायचो. आपल्याकडे जांभा दगड, कबर खणायला पहार लागते, जुलैत खड्ड्यात पाणी भरतं, बादलीने उपसत उपसत पाच-सहा तास जातात. जिथे वातावरण बिघडलेलं असतं तिथे मयताच्या घरचेच दोघं-तिघं आणि मजुरीचे गडी असतात. एका मंडळीत माझ्या चौथ्या वर्षी ती मासे विकणारी आजी गेली, सकाळी सातला मी दफनभूमीत पोचलो तर अकरा माणसं आधीच पहारी घेऊन उभी होती, त्यात आजीच्या घराशी अबोला असलेल्या घरातले दोघं, आणि खजिनदार काका प्लॅस्टिक धरून उभे, खड्ड्यात पाऊस जाऊ नये म्हणून. कोणी काही बोललं नाही. आळीपाळीने खणत होते.

तेव्हा ताई, ह्या रविवारी पाळकसाहेबांशी आणि खजिनदारांशी वेगवेगळं बोला, आधी खजिनदारांशी, आणि मोजणी तिथेच करायचं ठरवा. फळा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मीटिंगची विषयपत्रिका तयार झाली की पाठवायच्या आधी हवं तर इथे टाका, नावं काढून टाका, मी बघून सांगतो.